गाडीचं नाक दक्षिणेला

रावजीतात्या मांडवकरांची अँबॅसिडर म्हणजे आमच्या वाडीची एस.टी.च होती, फरक एवढाच की ती बोलावली की यायची. कुणाला बाळंतपणासाठी रत्नागिरीला न्यायचं असो, कुणाला रेल्वे स्टेशनवर सोडायचं असो, गाडी तात्यांची आणि चालवणारा धाकू गोताड. तात्यांची पालीत भाताची गिरण होती. गाडी त्यांनी सरकारी लिलावात घेतलेली, आणि तिचं वय विचारलेलं त्यांना खपत नसे. तिचा रंग पांढरा आहे असं म्हणायची पद्धत होती.

गाडीत पुढे मधोमध एक चौकोनी भोक होतं. पूर्वी कधी तिथे रेडिओ होता. तो आधीच्या सरकारी साहेबाच्या काळातच गेला, भोक मात्र तात्यांच्या वाट्याला आलं. धाकू त्यात फडकं आणि तंबाखूची डबी ठेवायचा.

ते भोक भरलं हमीदने. हमीद रत्नागिरीच्या राजिवड्याचा, तात्यांचा शाळेतला दोस्त, मस्कतला नोकरीला. दोन हजार दोनच्या दिवाळीत तो रजेवर आला तो तात्यांसाठी उपग्रहावरचा रेडिओ घेऊन. खरखर नाही, काटा हलवत बसणं नाही, आवाज आभाळातून थेट. पण तात्यांचं घर फणस आणि माडांच्या सावलीत, आणि या यंत्राला वर मोकळं आभाळ लागायचं. हमीद यंत्राची आवाज पकडणारी चपटी डबी हातात घेऊन घराभोवती फिरला, न्हाणीघरामागे गेला, गोठ्यावर चढला. कुठे काही नाही. शेवटी पुढच्या अंगणात, जिथून घाटाच्या बाजूला नुसते मळे दिसतात, तिथे तिने आवाज पकडला.

“मग गाडीतच बसव की,” तात्या म्हणाले. “भोक हायच.”

हातखंब्याहून एक वायरमन आला. त्याने गाडीच्या बॅटरीवरून वायर ओढली, सुताराने फणसाच्या लाकडाची चौकट करून यंत्र त्या भोकात बसवलं, आवाज गाडीतल्या जुन्या स्पीकरांना जोडला. डबी पुढच्या काचेच्या आत, नाकाकडे तोंड करून, लांबी लावून पक्की चिकटवली. हमीद गाडीसमोर उभा राहून सांगत होता, “आयक रावजी. ही डबी एकाच अंगाला बगते. उपग्रह तिकडं, घाटाच्या वर, जरा दक्षिणेला. गाडी आता हाय तशीच उभी करायची, नाक तिकडं. फिरवलीस तर गप बसंल.”

“हो हो,” तात्या म्हणाले. पण त्यांचं लक्ष ओटीकडे होतं. चहा अजून आला नव्हता आणि ते सावित्रीकाकूंना हाका मारत होते. धाकू त्या दिवशी सासुरवाडीला राजापूरला गेलेला. म्हणजे ऐकायला एकटे तात्या होते, आणि त्यांनी ऐकलं नाही. हमीद रजा संपवून मस्कतला परत गेला.

मग काय विचारता! रोज संध्याकाळी तात्यांच्या अंगणात आमची बैठक. गाडीची बाकी तिन्ही दारं उघडी, तात्या स्टीअरिंगमागे बसलेले, उजवं कोपर खिडकीबाहेर, आणि आम्ही ओटीच्या पायऱ्यांवर. कधी जुनी गाणी, कधी गझल, कधी अगम्य भाषेतल्या बातम्या. त्या कळत नसल्या तरी तात्या मान हलवायचे, म्हणून आम्हीही हलवायचो. वाटेत गाडी चालताना आवाज यायचा आणि जायचा. “झाडं हायत, वळणं हायत,” तात्या म्हणायचे. अंगणात मात्र गाडी रोज तशीच उभी राहायची, नाक घाटाकडे, कारण फाटकातून सरळ आत आलं की ते तिकडेच यायचं. आवाज आरशासारखा स्वच्छ. “आमचा रेडिओ वरून बोलतो,” हे तात्यांचं वाक्य तेवढ्या महिन्यांत आम्हांला पाठ झालं. धाकू शेजारी उभा राहून त्या डबीवरची धूळ पदराने पुसावी तशी हळूच पुसायचा. त्यालाही त्या गाडीचा अभिमान होता.

शिमग्याला तात्यांची थोरली बहीण जनीआक्का मुंबईहून माहेरी आली. आक्कांची जीभ म्हणजे कोयती. आल्या दिवशी दुपारी ओटीवर बसून त्यांनी घराचा हिशेब घेतला. नारळ सोलले नाहीत, कौलं शाकारली नाहीत, भावजय बारीक झाली. मग नजर गेली अंगणात, गाडीच्या चाकांनी पडलेल्या चाकोरीवर.

“गाडी कशी रे उभी करतोस? नाक तिकडं?”

“मग?”

“दक्षिणेला? यमाच्या तोंडावर? आईनं आपल्याला कदी दक्षिणेला तोंड करून जेवायला बसू दिलान काय? आनि तू गाडी लावतोस! फिरव ती.”

खरं तर ते नाक आग्नेयेला होतं. पण जनीआक्कांना दिशा शिकवणारा अजून जन्मायचा होता. धाकू त्या दिवशी गाडी घेऊन रत्नागिरीला गॅरेजात ब्रेक दुरुस्त करून घ्यायला गेला होता. तिन्हीसांजेला तो परतला तेव्हा तात्यांनी ओटीवरूनच हाक घातली, “उलटी लाव रे. नाक रस्त्याला.” धाकूने गाडी मागे मागे घेत आत आणली, किल्ली खुंटीला लावली आणि घरी गेला. जनीआक्का समाधानाने झोपल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांनी मुद्दाम सगळ्यांना बोलावलं. आक्कांना रेडिओ ऐकवायचा होता. आक्का खुर्ची टाकून बसल्या. तात्यांनी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि पुढे काही नाही. पुन्हा दाबलं. वायर हलवली. यंत्रावर थाप मारली. दिवा होता, आवाज नव्हता.

“ह्योच काय रे तुजा आभाळातला रेडिओ?” आक्का म्हणाल्या. “आभाळात कोन नाय वाटतं आज घरी.”

आम्ही हसलो. तात्यांचा पाणउतारा बघायला रोज थोडाच मिळतो! आणि मग आमच्यातलाच एकजण, नाव नको, म्हणाला, “काल गाडी गॅरेजात दिवसभर व्हती. मस्कतचं मशीन. आतला काडून भंगार भरायला किती येळ लागतो?” बोलणारा बोलून गेला. पण तात्यांचा चेहरा बदलला. इतका वेळ सगळे त्यांना हसत होते, आता हसण्याला दुसरं माणूस सापडलं होतं.

त्या रात्री त्यांच्या डोक्यात काय शिजलं ते दुसऱ्या दिवशी पालीच्या बाजारात उतू गेलं. आठवड्याचा बाजार, स्टँडजवळ गाड्या उभ्या, सुक्या मासळीची पथारी, कलिंगडांचे ढीग, आणि वाडीवाडीतली माणसं. धाकू काच पुसत होता. तात्या सगळ्यांदेखत त्याच्यासमोर उभे राहिले.

“धाकू, रेडिओतला सामान कुटं इकलास?”

धाकूला आधी कळलंच नाही. “कंचा सामान, तात्यांनू?”

“येडा होऊ नको. परवा गाडी तुज्याकडं व्हती. कालपासून रेडिओ मुका झाला. आमच्या घरचा खाल्लास आनि आमच्याच घरात हात मारलास? चोर तो चोर, आनि वर पालखीचा मानकरी! असला डाग लागलेला खांदा देवाच्या पालखीला चालतो काय रे?”

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. आमच्या गावच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा गोताडांचा. धाकूच्या आजाचा, बापाचा, आणि आता त्याचा. शिमग्यात देवाला रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, लागतात, पालखी सजते, आणि गोताडाने खांदा दिल्याशिवाय ती सहाणेच्या चौथऱ्यावरून उठत नाही. धाकूकडे जमीन म्हणाल तर कातळ, घर म्हणाल तर दोन खोल्या. त्याच्याकडे सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे तो खांदा.

धाकूने फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं. त्यावर किल्ली ठेवली. “तात्यांनू,” तो म्हणाला, “मी काय घेतला नाय. पन तुमी बाजारात बोललात. आता देवाला इचारू. कौल लावा.” आणि तो चालत वाडीकडे निघाला. पाली ते वाडी चांगलं लांब आहे, उन्हाची वेळ होती. त्याला हाक मारावी असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही, ही आमची लाज, ती इथेच सांगून टाकतो.

गाडी त्या दिवशी पालीच्या एका ड्रायव्हरने वाडीला आणली आणि मागे मागे घेत उलटीच लावली. गावकऱ्यांनी ठरवलं, पालखी उठण्याच्या आदल्या दिवशी कौल लावायचा. बाबल्या गुरव देवाला विचारणार. देवाच्या खांद्यावरची उजवी कळी पडली तर धाकू निर्दोष, डावी पडली तर गोताडांचा खांदा गेला. तोवर धाकू घरातून बाहेर पडला नाही. त्याची बायको पाण्यालाही सगळ्या बाया परतल्यावर जायची. आणि तात्यांच्या गिरणीत आलेला प्रत्येकजण तात्यांच्या बाजूने बोलायचा, कारण भात त्यांच्याच गिरणीत भरडायचं होतं.

कौलाच्या आदल्या दिवशी ते घडलं. पालखी येणार म्हणून अंगण सारवायचं होतं, आणि गाडी मध्ये उभी. धाकू नाही. तात्यांनी स्वतः किल्ली घेतली. त्यांना गाडी पुढे नेता यायची, मागे घेणं हे त्यांच्या दृष्टीने दुसऱ्याचं काम होतं. त्यांनी गाडी रस्त्यावर काढली. काकूंनी अर्धं अंगण सारवलं, ते जरा सुकल्यावर तात्या गाडी परत घेऊन आले, आणि मागे घेता येईना म्हणून सरळ नाकाने फाटकातून आत शिरले. पूर्वीसारखी. नाक घाटाकडे.

आत शिरताना सवयीने त्यांचा हात रेडिओच्या बटणावर गेला होता. इंजिन धडधडत थांबलं आणि एक बाई स्पष्ट, ठणठणीत इंग्रजीत बोलायला लागली. कुठल्याशा देशात बर्फ पडणार होतं.

तात्या पुतळ्यासारखे बसले. समोर मळे, त्यापलीकडे घाट. आणि त्यांना हमीद आठवला, गाडीसमोर हात लांब करून उभा असलेला. फिरवलीस तर गप बसंल. शब्द न् शब्द आठवला, इतक्या महिन्यांनी, अगदी चहाच्या उशिरासकट.

त्यांनी झडप घालून रेडिओ बंद केला. आजूबाजूला पाहिलं. चोर पाहतो तसं पाहिलं, आणि तसं पाहिलं हे त्यांच्याच लक्षात आलं. त्या क्षणी उठून धाकूच्या घरी जायचं होतं. अंतर ते किती! मधे पऱ्याचा एक ओहोळ आणि दोन बांध. त्यांचे पायही निघाले. पण जाऊन सांगणार काय? की मला सांगितलं होतं आणि मी चहासाठी ओरडत होतो? की बहिणीने यमाची भीती घातली म्हणून मी गाडी फिरवली, आणि चोर तुला केलं? उद्या बाजारात पोरं मागून ओरडतील. आक्का मुंबईभर सांगेल. तात्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

मग त्यांनी जे केलं ते सांगताना माझीच मान खाली जाते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी मागे घेतली, रस्त्यावर नेऊन वळवली, आणि घामाघूम होत, आंब्याच्या बुंध्याला डावं दार खरवडून, तशीच मागे मागे आत आणली. नाक रस्त्याला. होती तशी. ओल्या शेणावर चाकांच्या खुणा उमटल्या, त्या त्यांनी स्वतःच्या पायाने पुसल्या.

सावित्रीकाकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “वाजला ना?” त्या म्हणाल्या.

“काय?”

“रेडिओ. मी आयकला.”

“तुला कायतरी भास झाला.”

काकूंनी सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. “उद्या देवळात जायचाय तुमाला,” एवढंच त्या बोलल्या.

रात्रभर तात्यांनी स्वतःची समजूत घातली. देव आहे ना! देवाला सगळं दिसतं. तो उजवा कौल देईल, धाकू सुटेल, प्रकरण मिटेल. मग आपण तोंड उघडायचं कारणच काय? आपलं काम देवावर ढकलून ते कूस बदलत राहिले. आणि डावा पडला तर? हा प्रश्न आला की ते उठून पाणी प्यायचे.

देवळात सगळा गाव जमला होता. धाकू अंघोळ करून, ओल्या पंचाने, सगळ्यांत पुढे. दाढी वाढलेली. बाबल्या गुरवाने पाषाणाच्या मूर्तीवर पाणी घातलं, दोन्ही खांद्यांवर दोन ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, ह्यो तुजा लेकरू धाकू गोताड, ह्याच्यावर आळ आलाय. ह्यो निर्मळ असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे.” आम्ही म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

तात्यांचे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

कळ्या हलेनात. पाणी ओघळत होतं. धाकूने डोळे मिटले होते, तात्यांनी उघडे ठेवले होते, आणि ते एकटक त्या डाव्या कळीकडे बघत होते. कुणाला वाटावं, तिच्यावरच त्यांचा डोळा आहे. मग उजवी कळी सरकली, आणि टपकन खाली पडली.

एकच गलका झाला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. बाबल्याने तात्यांकडे वळून विचारलं, “तात्यांनू, शंका फिटली?”

“देवानं दिलान तो कौल,” तात्या म्हणाले. “मना मान्य.”

“मन मोटा हवा त्याला!” कुणीतरी म्हणालं. “एवढ्या मोलाची वस्तू गेली, पन तात्यांनी कौल मानला.” पाठीवर हात पडायला लागले. तात्या लाकडासारखे उभे. आणि तेवढ्यात धाकू त्यांच्यासमोर आला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता.

“तात्यांनू, देवानं माजा राखलान. मना राग नाय आता. आनि माजी पन चूकच झाली. गाडी गॅरेजात ठेवून मी जेवायला गेलो व्हतो. तितंच बसलो असतो तर तुमची वस्तू ऱ्हायली असती. मापी करा.” आणि तो वाकला.

तात्यांनी त्याला वाकू दिलं. त्याचा हात पायाला लागला तेव्हा पाय मागे घ्यावा एवढंसुद्धा त्यांना जमलं नाही. घरी येऊन ते जेवले नाहीत. काकूंनी ताट वाढलं, बघितलं, आणि न विचारता झाकून ठेवलं. बोलल्या असत्या तर बरं, असं तात्यांना झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पालखी उठली. ढोल, सनई, गुलाल. घराघराच्या अंगणात पालखी जायची. बाया भोयांच्या पायांवर पाणी घालायच्या, देवाची ओटी भरायच्या, आणि मग ज्याचं घर तो पुढे येऊन पुढचा खांदा घ्यायचा. आपल्या अंगणात देवाला आपल्या खांद्यावर नाचवायचं, ही आमच्याकडची रीत. तेवढ्यापुरता गोताड बाजूला होतो आणि घरधन्याला जागा देतो.

ऊन कलताना पालखी तात्यांच्या अंगणात शिरली. पुढे धाकू. दाढी केलेली, कपाळावर गुलाल, खांद्यावर दांडा. असा आनंदात आम्ही त्याला कधी पाहिला नव्हता. गाडी कोपऱ्यात उभी होती, नाक रस्त्याला, डाव्या दारावर ओरखडा. काकूंनी पायांवर पाणी घातलं. धाकूच्या पायांवर घालताना त्यांनी तांब्या पूर्ण रिता केला. ओटी भरली. ढोल थांबले. धाकूने मान तिरकी करून दांडा खांद्यावरून हातांवर घेतला, खांद्याची जागा मोकळी केली आणि हसून म्हणाला, “या तात्यांनू. खांदा द्या.”

तात्या पायरीवरून उतरले. दोन पावलं आले आणि थांबले. सगळे वाट बघत होते. पालखीचं वजन धाकूच्या हातांवर होतं, दंड थरथरत होते.

“या की.”

“माजा खांदा चालायचा नाय,” तात्या म्हणाले.

“काय झाला? दुकतोय काय?”

“डाग लागलेला खांदा पालखीला चालत नाय. मीच म्हनलो व्हतो ना बाजारात? रेडिओतला काय गेला नाय. मशीन धडधाकट हाय. मी गाडी फिरवून लावायला सांगितली म्हनून तो बंद पडला. हमीदनं सांगून ठेवलेला, मी आयकला नाय. आनि मना परवाच कळला. कौलाच्या आदी. कळला तरी मी गप ऱ्हायलो.”

मग आमच्यातला एक, तोच पहिला, नाव नको म्हटलेला, म्हणाला, “तात्यांनू, कशाला अंगावर घेता? देवानं निकाल दिलान. तुमचा मन मोटा हाय, पन...”

“मोटा नाय!” तात्या ओरडले. “गाडी फिरवा!”

चौघा-पाचजणांनी गाडी ढकलली. नाक घाटाकडे आलं. तात्यांनी दार उघडून बटण दाबलं, आणि त्या भरल्या अंगणात, देवाच्या पालखीसमोर, एक माणूस गझल गायला लागला. स्वच्छ, मुळीच खरखर नाही. जनीआक्का ओटीवर उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर पदर घेतला. बाबल्या गुरवाने मान खाली घातली. आम्ही सगळे गाडीकडे बघत होतो, कारण तात्यांकडे बघवत नव्हतं आणि धाकूकडे बघायची हिंमत नव्हती.

“बंद करा तो,” धाकू म्हणाला. “देव उभा हाय.”

तात्यांनी बंद केला.

धाकूचं हसू गेलं होतं. त्याने दांडा परत खांद्यावर घेतला, तात्यांसाठी मोकळ्या केलेल्या जागेवर आपलाच खांदा लावला. “काल मी देवासमोर तुमची मापी मागितली,” तो म्हणाला. “माजी चूक म्हनलो. पायाला हात लावला. तुमी लावून घेतलात.”

“धाकू, मी...”

“चोर म्हनलात ता बाजारात. हितं आंगनात सांगून कसा भागंल?” तो ओरडला नाही. त्याने ढोलवाल्याला मान हलवून खूण केली.

ढोल वाजायला लागले. तात्यांच्या बापापासून पहिल्यांदा त्या अंगणात पालखी घरधन्याशिवाय नाचली. तात्या हात जोडून बाजूला उभे होते. गुलाल उडाला तो त्यांच्या धोतरावरही पडला, त्यांनी झटकला नाही. पालखी पुढच्या घरी गेली, तसे आम्हीही गेलो. मागे वळून पाहिलं तेव्हा काकू त्यांच्याजवळ येऊन उभ्या होत्या.

पुढच्या बाजाराला तात्या स्वतः गाडी चालवत पालीला आले. कशी आणली ते त्यांना आणि गाडीला ठाऊक. स्टँडजवळ, त्याच जागी, त्यांनी ती उभी केली. धाकू समोर चहाच्या टपरीवर पाठ करून बसला होता. तो मुद्दाम आला होता की आला म्हणून आला होता, आम्ही विचारलं नाही. तात्या खाली उतरले आणि नुसतेच उभे राहिले. बाजार आपल्या नादात, कलिंगडवाला ओरडतोय, एस.टी. हॉर्न वाजवतेय, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. त्यांनी दोनदा तोंड उघडून मिटलं.

तेवढ्यात मासळीच्या पथारीवरून कुणीतरी, ज्याला काहीच माहीत नव्हतं, हाक मारली, “तात्यांनू, गाडी आनलात ती! रेडिओ लावा की जरा. आयकू द्या सगळ्यांना.”

“आज रेडिओ नाय,” तात्या म्हणाले. मग त्यांनी आवाज चढवला, त्या दिवशी चढवला होता तेवढाच. “आज मी बोलनार हाय. ह्याच जागी उभा ऱ्हावून मी धाकू गोताडाला चोर म्हनलो व्हतो. आयका सगळ्यांनी. चोर धाकू नव्हता. खोटा मी व्हतो.”

टपरीवर धाकूने कप खाली ठेवला. वळून मात्र पाहिलं नाही.